दोन फुटांवरची अक्षरं

माझ्या वडिलांचा चष्मा मी निवडला आणि चुकीचा निवडला. पारनेरजवळच्या आमच्या गावात मी नुकती शिक्षिका झाले होते, आणि आपल्याला सगळं कळतं असं मला तेव्हा वाटायचं.

वडील गवंडी. पंचविशीत, बांधकामासमोरच्या दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं जुळवत जुळवत ते वाचायला शिकले. आमच्या बुद्धविहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं, आणि कित्येक वर्षं ते त्यांच्याकडेच होतं. अंगठा उठवणाऱ्या बापाच्या मुलाला मिळालेला हा मान. डोळ्यांपायी तो जाईल या धास्तीने ते खंगत चालले होते.

नगरचा चष्मेवाला भला माणूस होता. त्याने विचारलं, "बाबा, काम काय करता? वाचायला कसं बसता?" वडिलांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलले. उन्हातलं काम, म्हणून उन्हात काळी होणारी काच हवी. आणि ती दुहेरी, वरून लांबचं दिसणारी, खालून जवळचं. चष्मेवाल्याने छापील कार्ड दिलं. वडिलांनी ते हातात धरून घडाघडा वाचलं आणि मी खूश झाले.

वर्षावास सुरू झाला. वडिलांचं वाचन इतकं ओघवतं कधी झालं नव्हतं. बायका म्हणाल्या, "तुज्या चष्म्यानं लई गुण आला गं." मीही मिरवून घेतलं.

तीनेक आठवड्यांनी एकदा मी त्यांच्या शेजारीच बसले होते. पान उलटताना दोन पानं एकदम उलटली, आणि तरी वाचन एका शब्दालाही न अडखळता पुढे चालू राहिलं. वडील वाचत नव्हते, आठवत होते.

घरी आल्यावर विचारलं. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "हातात धरलं तर दिसतं. चौरंगावरचं न्हाई दिसत."

आमच्याकडे ग्रंथ पांढऱ्या कापडावर, चौरंगावरच ठेवतात. वाचताना कुणी तो हातात घेत नाही. आणि जन्मभर विटा वाहिलेली वडिलांची पाठ आता वाकत नव्हती. हे मला ठाऊक होतं. दुकानात मात्र मी ते सांगितलं नाही, त्यांनाही सांगू दिलं नाही.

"मग तिथंच का नाही बोललात?"

"तू हौसेनं घेत हुतीस."

मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते विहारात चौरंगापुढे ताठ बसले. भिंतीचा सरळपणा बघायच्या ओळंब्याच्या दोरीचं एक टोक स्वतःच्या डोळ्याशी धरलं, दोरी ताणून मला पानावर टेकवायला सांगितली आणि जिथे टेकली तिथे गाठ मारली. जवळजवळ दोन फूट भरलं. रविवारी ती दोरी त्यांनी चष्मेवाल्यापुढे ठेवली. "एवढ्यावरचं दिसाया पायजे."

चष्मेवाला हसला नाही. दोरी ताणून त्याने तिच्या गाठीशी कार्ड धरलं आणि अक्षरं स्वच्छ दिसेपर्यंत काचा बदलत राहिला. शेवटी ठरली ती साधी, एकाच नंबरची काच. विहारातला बल्ब अगदी समोर लटकतो असं वडिलांनी सांगितलं, म्हणून तिच्यावर चमक घालवणारं कोटिंग. उन्हाचं काय, असं त्याने विचारलं.

"उन्हाला टोपी हाय," वडील म्हणाले. मी या वेळी गप्प बसले.

नवा चष्मा आला त्या संध्याकाळी वडिलांनी आदल्या दिवशी थांबले होते ते खुणेचं पान उघडलं नाही. ग्रंथाचं पहिलं पान काढलं आणि समोरच्या माणसांकडे बघितलं.

"मला दिसत नव्हतं. इतके दिस तोंडपाठ म्हनत हुतो. काय सुटलं, काय माज्या पदरचं घातलं, ठावं न्हाई. परत पयल्यापासून वाचू का, का दुसऱ्या कुनाला बसवता?"

माझ्याशिवाय हे कुणालाही कळलं नसतं. पुढे बसलेली, एक अक्षरही न येणारी म्हातारी म्हणाली, "तूच वाच बाबा. आमाला कुठं घाई हाय."

वडील वाचू लागले. रखडत, थांबत. तासाभरात दीड पान झालं. ज्या ओळी त्यांना झोपेतही आल्या असत्या, त्यांच्याखालीही ते बोट धरून वाचत होते.