पानाच्या तळाची तारीख

बहरीनमध्ये, हूरा मोहल्ल्यातल्या त्या चार मजली बिल्डिंगीत शब्बीर परकारला सगळे ‘वकीलसाहेब’ म्हणायचे, आणि तो वकील नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं. वकिलाचा कारकूनही तो धड नव्हता. बाब अल बहरीनच्या कमानीमागच्या एका इंग्रज वकिलांच्या ऑफिसात तो पानं बदलायचा. वीस वर्षं.

हसू नका, हे काम असतं. विलायती कायद्याची ती जाडजूड पुस्तकं शिवलेली नसतात, फायलीसारखी कड्यांत ओवलेली असतात. कायदा बदलला की लंडनहून तेवढीच नवी पानं पोस्टाने येतात. शब्बीर कडी उघडायचा, पानाच्या तळाशी छापलेल्या तारखेवर बोट ठेवून ती वाचायचा, नवं पान ओवायचा आणि जुनं स्वतःच्या हाताने फाडायचा. चांगले आठ तुकडे. एकदा खालच्या मलबारी चहावाल्याने एका जुन्या पानात समोसे बांधून दिले, तर शब्बीरने समोसे टेबलावर ठेवले आणि आधी कागद फाडला. “उद्या कुणी वाचला आणि खरा समजला तर?”

अठ्ठ्याण्णवच्या सुरुवातीला शब्बीरच्या बिनखिडकीच्या पुस्तकखोलीत इंटरनेट आलं. आता परकार रुसणार, यावर ऑफिसात पैजा लागल्या होत्या. पण पठ्ठ्या रुसला नाही. त्याने एक जाड पुठ्ठ्याची वही घेतली आणि पडद्यावर सापडलेला एकेक पत्ता सुवाच्य अक्षरात उतरवायला लागला. पुढे शेरा. ‘लॉर्डांच्या कोर्टाचे निकाल: त्याच दुपारी मिळतात. उत्तम.’ ‘पार्लमेंटचे कायदे: शहाण्णवपासूनचे पुरे, आधीचे मफी (नाहीत).’ ‘युनिव्हर्सिटीच्या ग्रंथपाल बाईंची यादी: सगळे पत्ते एकाच जागी. बाई हुशार आहे.’ ‘एका वकिलाचं पान: नुसता स्वतःचा फोटो.’

सहा महिन्यांत त्याची अशी पत वाढली, की मोठा साहेब स्वतः दारात उभा राहून विचारायचा, शब्बीर, अमुक निकाल कुठे सापडेल? त्या दिवशी वकीलसाहेब जिना चढताना दोन इंच उंच दिसायचे.

समोरच्या फ्लॅटमधला दत्तप्रसाद, पुण्याचा, बँकेतला, त्याला चिमटा काढल्याशिवाय चप्पल घालत नसे. “शब्बीरभाई, आता फाडणार काय? पडदा?”

“फाडाय लागतच नाय. तिकडे बसलाय ना माझ्यासारखाच कोणतरी. जुनं झालं की तो काढतो.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगाय कशाला पायजे? जुनं पान ठेवील कोण?”

यावर दत्तप्रसाद पोट धरून हसला. पुढे त्याला ते हसणं आठवलं की तो विषय बदलायचा.

शब्बीरची एकुलती एक अलिना. त्याच वर्षी जानेवारीत रत्नागिरीला तिचं लग्न झालं, बर्मिंगहॅमच्या उबेदशी. तो तिकडे बस डेपोत मेकॅनिक. लग्नानंतर तेरा दिवसांनी तो परत गेला आणि ही हूऱ्यात आई-बापांकडे येऊन बसली, व्हिसाची वाट बघत.

“तुमच्या साहेबाला इचारा की,” बायको झोहरा म्हणाली.

“मी? त्याला? अगो, तो मला इचारतो!”

आणि इथेच सगळं अडलं. ऑफिसातले कायदे जहाजांचे आणि बँकांचे. व्हिसाचं एकही पुस्तक त्या खोलीत नव्हतं. मग शब्बीर पडद्यावर बसला. जेवणाच्या सुट्टीत, शिवाय गुरुवारची सुट्टी मोडून. आठव्या दिवशी त्याला सोन्यासारखं पान सापडलं. परदेशी जोडप्यांना सल्ला देणाऱ्या कुठल्याशा संस्थेचं, नियम आणि निकालांसकट. त्यात ठळक लिहिलं होतं: लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध केलं पाहिजे. त्याने एकवीस पानं छापली आणि सवयीने तळाशी बोट नेलं. तारीख होती. १४ ऑक्टोबर १९९८. त्याच दिवसाची! इतकं ताजं पान लंडनच्या पाकिटातूनही कधी आलं नव्हतं.

मग घरात तालीम सुरू झाली. “ब्रिटनला जायची तुला हौस हाय?”

“पण अब्बा, आय डू वॉन्ट टू गो. ही इज देअर.”

“ते मनात ठेव. तोंडाने काय बोलायचं?”

“आय हॅव नो विश टू लिव्ह इन ब्रिटन.”

“शाब्बास.”

उबेदकडूनही तसंच पत्र मागवलं: वेळ पडली तर मी बहरीनला येऊन राहीन. बर्मिंगहॅमच्या घराचे कागद ‘नंतर लागले तर’ म्हणून राहून गेले.

ब्रिटिश दूतावासातल्या मुलाखतीला अधिकाऱ्याने अलिनाला साधाच प्रश्न विचारला, नवऱ्यासोबत कुठे राहणार? ती पाठ केलेलं बोलली. त्याने वेगळ्या शब्दांत विचारलं. ती तेच बोलली. तिसऱ्यांदाही तेच. बाहेर बाप अंगठा उंचावून उभा होता.

नकाराच्या पत्रात दोन कारणं होती. अर्जदार ब्रिटनमध्ये पतीसोबत कायम राहू इच्छिते असं दिसत नाही. राहत्या जागेचा पुरावा नाही.

आता मात्र शब्बीर ती एकवीस पानं घेऊन साहेबासमोर उभा राहिला. साहेबाने दुसऱ्याच पानावर मान वर केली. “शब्बीर, मुख्य हेतूचा हा नियम गेल्या वर्षीच जूनमध्ये रद्द झाला.”

“सर, तारीख बघा. खाली.”

“ती तू छापलंस त्या दिवसाची. मशीन आपोआप टाकतं.”

नवा नियम साहेबाने चार मिनिटांत काढून दाखवला, आणि तोही शब्बीरच्याच वहीतून: ग्रंथपाल बाईंची यादी, तिसरी ओळ.

शब्बीरने आपली छापील पानं पुढे सरकवली. “मग हे जुनं पान कोणी काढलं कसं नाही, सर?”

साहेबाला प्रश्नच कळला नाही.

अपील साहेबाने स्वतः लिहून दिलं, पण तिकडे रांग मोठी होती. वर्षभर तरी, असं उत्तर आलं. उबेदचा फोन आधी दर शुक्रवारी यायचा. मग एक शुक्रवार सोडून. रमजान गेला, ईद गेली, आणि फोनची वेळ झाली की झोहरा उगाच भांडी घासायला घ्यायची. अलिना बापावर कधी ओरडली नाही. एकदाच म्हणाली, “यू टोल्ड मी टू से इट, अब्बा,” आणि ताट उचलून आत गेली. बिल्डिंगीत ‘वकीलसाहेब’ ही हाक बंद झाली. दत्तप्रसाद जिन्यात भेटला की नुसता “काय, शब्बीरभाई” म्हणायचा आणि चालू लागायचा. ते टोमण्याहून वाईट होतं.

शब्बीरला मात्र एक खोड लागली. दुधाचा पुडा, विजेचं बिल, मशिदीतलं पत्रक, हातात काही आलं की आधी तारीख.

ऑगस्ट नव्व्याण्णव. घरचं टपाल ऑफिसच्याच पेटीत यायचं. त्या सकाळी लंडनच्या जाड पाकिटाखाली बर्मिंगहॅमचं पातळ पाकीट होतं. उबेदच्या वडिलांचं, मराठीत. पोराला आणखी थांबवणं आमच्याने होत नाही, अपील आता चालवू नका, तलाकनामा सोबत जोडला आहे, अलिनाची माफी मागतो.

शब्बीरने दोन्ही कागद टेबलावर सपाट केले. तलाकनाम्याच्या तळाशी बोट नेलं. तारीख हाताने लिहिलेली होती, नऊ दिवसांपूर्वीची.

या वेळी पान जुनं नव्हतं.