उकळत्या पाण्यातला चेहरा

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. चादरी, अंगरखे, डॉक्टरांचे कोट मशीनमध्ये जाण्याआधी ती प्रत्येक खिसा उलटा करून पाही. पेन, चाव्या, एकदा तर कवळी सापडली होती. "मावशीच्या हातून सुई सुटायची नाही," मुकादम म्हणायचा.

मतदानाला जायला त्याने सकाळची सुट्टी दिली, ती एका अटीवर. "परत आल्यावर बोटावरची शाई दाखवायची. नाहीतर खाडा."

सकाळी विसरायला नको म्हणून मावशीने मतदानाचं ओळखपत्र आदल्या दिवशीच कामाच्या एप्रनच्या खिशात टाकलं होतं. संध्याकाळी कामगारांचे एप्रन शेवटच्या घाण्यात जातात, उकळत्या पाण्यात, ब्लीच टाकून. तिने सगळ्यांचे खिसे तपासले. स्वतःचा एप्रन काढला आणि तसाच आत टाकला.

कार्डाचं प्लास्टिक एका कोपऱ्यात उसवलेलं होतं. ते बाहेर आलं तेव्हा आत नुसता पांढरा कागद होता.

तरी सकाळी ती केंद्रावर गेली. सोबत जाऊ होती. टेबलामागच्या साहेबांनी कार्ड उलटसुलट केलं.

"नाव आहे तुमचं यादीत. पण यावर चेहराच नाही."

"चेहरा हा काय इथं आहे, साहेब."

"चेहरा सगळ्यांनाच असतो, बाई."

"अहो, माझी सख्खी जाऊ आहे," जाऊ म्हणाली. "हिची भांडणं ऐकत म्हातारी झाले मी. मी नाही ओळखणार तर कोण?"

रांगेत कोणीतरी हसलं. साहेबही हसले, पण कार्ड परत देत. "दुसरं काही आणा. भाड्याची पावती, बँकेचं पुस्तक, काहीही. तुमच्या नावाचं."

ती धावत घरी गेली. ट्रंक पलंगावर उपडी केली. खोली नवऱ्याच्या नावावर, मीटर नवऱ्याच्या नावावर. पगार रोख हातात. इतकी वर्षं त्या खोलीत राहून तिचं नाव तिथल्या एकाही कागदावर नव्हतं. तळाशी त्याचं कार्ड सापडलं. कोरं करकरीत, मिशीचा केस न् केस दिसत होता.

तिने तेच नेलं. निदान पत्ता तरी जुळेल.

साहेबांनी कार्ड यादीशी ताडून पाहिलं. चेहरा खुलला. "हे उत्तम आहे. यांचं नावही आहे. कुठे आहेत हे?"

मावशीने कार्डावरच्या मिशीकडे बघितलं.

"त्यांना पाठवा, बाई. पाच मिनिटांचं काम आहे."

"ते वारले, साहेब. दोन पावसाळे झाले."

साहेबांनी तेही कार्ड परत दिलं. मग म्हणाले, "तुमचं काही करता येत नाही मला. पुढचे."

जावेच्या बोटाला शाई लागली. बाहेर येऊन तिने ते बोट पदराखाली लपवलं.

"चल घरी."

"खाडा पडेल," मावशी म्हणाली.

धुलाईखान्यात मशीन घरघरत होतं. मुकादम दारातच उभा. "काय मावशी, कोणाला निवडून आणलंत? दाखवा बोट."

तिने दाखवलं. ब्लीचने सोललेलं, सुरकुतलेलं, पांढरं फटक.

त्याने दुसऱ्या हाताचं बघितलं. मग तिच्याकडे.

"गेला नव्हतात का?"

"गेले होते," ती म्हणाली. तिने खुंटीवरचा एप्रन घेतला, खिशात हात घातला, तो तळापर्यंत नेला आणि तसाच ठेवून उभी राहिली.