चिमाजीच्या हाकेला येणारे मासे

पेठच्या चिमाजीला ठाऊक नाही अशी गोष्ट जगात नव्हती. असं आपलं चिमाजीच सांगायचा. शेततळ्यात त्यानं रोहू-कटला सोडले आणि काही महिन्यांत एका सकाळी मासे तोंडं वर काढून आ-आ करायला लागले. झालं! "माझा आवाज वळखत्यात राव. हाक मारली की वर!" बघायला गाव लोटलं. येईल त्यानं पसाभर पेंड टाकायची, असा रिवाजच त्यानं पाडला.

सून उज्ज्वला सायन्स शिकलेली. ती म्हणाली, "मामा, त्ये हाकेला येत न्हाईत, गुदमरत्यात. मासा तोंडानं पाणी घेतो, कल्ल्यातनं सोडतो. पाण्यात विरघळलेली हवा कल्ल्यातलं रक्त ओढून घेतं. तुमची पेंड तळाला कुजती अन् ती हवा संपवती. पेंड थांबवा, मोटार लावून पाणी उडवा, म्हंजे पाण्यात हवा मिसळंल."

"आता तू मला मासं शिकवणार व्हय?"

तेवढ्यात तरुण मंडळाच्या दादाभाऊनं चिमाजीचा सत्कार जाहीर केला. शाल, नारळ आणि 'मत्स्यमित्र' लिहिलेला हा एवढा थोरला फ्लेक्स! सत्काराच्या दिवशी उज्ज्वलानं तांबडं फुटायच्या आतच मोटार चालू केली. पाहुणे जमले. चिमाजीनं घसा बसेस्तोवर हाका मारल्या, पण एक मासा वर येईल तर शपथ. लोक तोंडाला रुमाल लावून हसायला लागले. चिमाजीनं गुपचूप जाऊन स्टार्टरचं लाल बटण दाबलं आणि मोटार बंद केली.

भाषणं लांबली आणि मासे वर आले. काय त्या टाळ्या! फोटोसाठी चिमाजी काठावर वाकला आणि पहिल्यांदाच त्यानं नीट बघितलं. कल्ले नुसते फडफडत होते, एक मासा आडवा झाला होता. चिमाजीला वीस वर्षांचा दमा. ही तडफड त्यानं स्वतः भोगलेली.

त्यानं धावत जाऊन हिरवं बटण दाबलं. "मला न्हाई वळखत कुणी! जीव चाललाय त्यांचा!"

"बघा, केवढा हा विनय!" दादाभाऊ माइकवर गहिवरला. "पण भाऊ, फोटो राह्यलाय. दोन मिनिटं मोटार बंद करा."

चिमाजी स्टार्टरला पाठ लावून उभा राहिला. "बटणाला हात लावंल त्याचा हात मोडीन!"

दादाभाऊनं शाल काखेत मारली, पोरांनी फ्लेक्स गुंडाळला. चिमाजी जागचा हलला नाही. धापा टाकत ओरडला, "उज्ज्वला, आता म्होरं काय करू, सांग गं पोरी!"