गाणी भरणारी लुसुंगू

मुझुझूच्या बाजारात पेनड्राइव्हवर गाणी भरून देणारी सहा दुकानं आहेत आणि त्यांत सगळ्यांत संथ लुसुंगू म्हांगोचं. "ए ताई, गाणी भरतेस की अंडी उबवतेस?" मिनीबसचे कंडक्टर रोज विचारतात. ती आपलं काम करत राहते. पेनड्राइव्हवरचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत ती कुणाला हात लावू देत नाही, मग समोर पाद्रीबाबा का असेनात.

एके काळी हीच बाई बाजारात सगळ्यांत चपळ होती. तिनं संगणक 'जलद'वर लावला होता. तसा लावला की तो लबाडी करतो. निम्मी गाणी स्वतःजवळच ठेवून 'झालं' म्हणतो आणि उरलेली मागाहून सवडीनं उतरवतो. तेवढ्यात पेनड्राइव्ह उपटला की ती गेलीच. लुसुंगूला हे पक्कं ठाऊक होतं. पण एखादं गाणं गेलं तर उद्या पुन्हा भरून देऊ, गाण्यांना काय तोटा, असं ती म्हणायची.

मग एक दिवस न्यिरेंडा आजोबा आले. बायकोला, त्योंगेला, जाऊन वर्ष झालेलं. शनिवारी तिच्या थडग्यावर बसवलेल्या नव्या दगडावरचा पडदा गावासमोर काढायचा होता आणि तिथं तिनंच चर्चच्या गायनवृंदात गायलेलं गाणं लावायचं होतं. तिचा आवाज जगात तेवढाच उरलेला, तोही तडा गेलेल्या पेनड्राइव्हमध्ये.

"हे नव्यावर घे पोरी, आणि जुना पुसून सुनेसाठी प्रवचनं भर."

बाहेर बस हॉर्नवर हॉर्न देत होती. पडद्यावर 'झालं' आलं. लुसुंगूनं नवा उपटून आजोबांच्या हातात दिला, जुना पुसला, प्रवचनं भरली. आजोबा पळतच बस गाठायला गेले.

सोमवारी ते परत आले. "पोरी, पेनड्राइव्ह लावला की रेडिओवर गाण्याचं नाव दिसतं, पण ती गात नाही गं. सगळा गाव ताटकळत उभा राहिला."

पेनड्राइव्ह खराब निघाला म्हणून हात झटकता आले असते. पण लुसुंगूच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजोबा, चूक माझी. मी घाई केली."

तीन दिवस तिनं दुकान बंद ठेवलं आणि आजोबांच्या सुनेकडचा जुना पेनड्राइव्ह मागवून त्यावर पुसलेलं शोधत बसली. गाण्यावर प्रवचनं बसली होती. हाती लागले सुरुवातीचे अकरा सेकंद, गाणं सुरू व्हायच्या आधीचे. ते तिनं आजोबांसमोर लावले.

खुर्च्या सरकल्याचा आवाज. एक खोकला. मग धापा टाकत हसणारी एक बाई: "थांबा गं बायांनो, मला जरा दम तरी घेऊ द्या!"

"चर्चमध्ये ती सगळ्यांसारखी गायची," आजोबा म्हणाले. "घरी अशी बोलायची. पुन्हा लाव."

तिनं पुन्हा लावलं. आजोबा स्पीकरजवळ वाकले.

"घे गं, दम घे," ते हळूच म्हणाले. "कसली घाई नाही."