कळतंय की, अक्का

मैदानावर पोरगी पडली, की आमच्या अक्का तिच्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत. नजर थेट खांद्यावर. "रडण्यावर जाऊ नगा. लई रडणारीला बहुतेक काई झालेलं नसतंय," म्हणायच्या. वळसंगच्या आम्हा मुलींना कबड्डी शिकवणाऱ्या या अक्का दिवसभर अंगणवाडीत खिचडी शिजवायच्या आणि संध्याकाळी पदर खोचून आमच्यात उतरायच्या.

निखळलेले सांधे बसवायची विद्या त्यांना वडिलांकडून आलेली. केसांतून कंगवा फिरवण्याइतका हात वर गेला, तर बर्फ लावायचा आणि चार दिवस खेळायचं नाही. गळ्याजवळचं हासळीचं हाड दुखत असलं, तर हात ओढणीने गळ्यात बांधून सरळ सोलापूरला. खांद्याची गोलाईच जाऊन सांधा निखळला असेल, तर मात्र अक्का स्वतः पुढे व्हायच्या. पण त्याआधी पोरीचे डोळे ओढणीने झाकून दंडाला बाहेरून बोट टेकवायच्या. "कळतंय का?" नाही म्हटलं, की त्या लांब. "बधिर हाताला आपुन शिवायचं न्हाय. शीर दबलेली असती." हे त्यांनी आमच्याकडून पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं होतं.

जिल्ह्याच्या संघनिवडीला आठ दिवस उरले होते आणि मी उजव्या खांद्यावर आदळले. गोलाई गेली. डोळ्यांवर ओढणी आली. "कळतंय का?" विचारलं, म्हणजे बोट टेकलेलं असणार, पण मला दंडावर काहीच जाणवत नव्हतं. नाही म्हणाले तर दवाखाना, आणि निवड हुकली. मी म्हणाले, "कळतंय की, अक्का."

अक्कांनी हात हळूहळू ओढला, सांधा बसला, पोरींनी टाळ्या वाजवल्या. हात मात्र वर जाईना. सोलापूरच्या डॉक्टरांनी शिरेला इजा झाल्याचं सांगितलं आणि विचारलं, "कुणी ओढला हात?"

"मी," अक्का म्हणाल्या.

माझ्या वडिलांनी तिथेच त्यांना नाही नाही ते सुनावलं. मी गप्प राहिले. त्या दिवसापासून अक्कांनी कुणाच्याच खांद्याला हात लावला नाही.

आता मी सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागात राहते. हात अजून खांद्याच्या वर जात नाही, त्याची सवय झाली. पण आईच्या मायेने मला वागवणाऱ्या त्या बाईचं नाव निघालं, की माझी मलाच लाज वाटायची. गेल्या महिन्यात वळसंगला जाऊन सगळं सांगून टाकलं. अक्का ज्वारी निवडत होत्या.

"मी ओढायच्या आदीच बधिर हुता?"

"व्हय, अक्का."

मला वाटलं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"गेल्या साली अक्कलकोटच्या वाटंला आपल्या आत्ताच्या संघातल्या सुनीचा खांदा निखळला. जीप बंद पडलेली. दोन तास वरडत हुती पोरगी, 'अक्का, बसवा की' म्हून. माझ्या हातानं अजून एक हात जाईल म्हून मी लांबच हुबी." त्यांनी सूप परत पुढ्यात ओढलं. मग म्हणाल्या, "मला नगं सांगू हे. सुनीला जाऊन सांग."

सुनीचं घर तिथून चार घरं पुढे. मी चपला घातल्या आणि एसटीचा थांबा गाठला.