निळ्या काठाचा रुमाल

हे मी आजवर कुणालाच, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही: सातारा-सांगली गाडीतला तो निळ्या काठाचा रुमाल माझा होता. आणि ज्यांच्यापासून हे लपवलं, ते बायकोचे मामा म्हणजे या दोन जिल्ह्यांतल्या झाडून सगळ्या प्रवाशांचे बिनपगारी वकील.

फौजेतून निवृत्त होऊन मामा दहिवडीला परतले आणि प्रवाशांच्या हक्कांचे कायदे वाचायला लागले. लोक सकाळी देवळात जातात, मामा स्टँडवर. उगाच हॉर्न वाजला की ते थेट ड्रायव्हरच्या खिडकीशी. "आवं, विमानतळाशेजारच्या लोकांना आवाजाचा कायदा हाय, मग आमच्या कानांनी काय घोडं मारलंय?" एकदा गाडीला फारच उशीर झाला, तेव्हा नियंत्रकाच्या खिडकीत कोपर टेकून म्हणाले, "विमान लेट झालं तर खायला-प्यायला देत्यात. आमचं निस्त्या च्यावर भागंल." नियंत्रकाने हसून चहा मागवला. मामांनी कप हातात घेतला, मागच्या गर्दीकडे बघितलं आणि तसाच परत ठेवला. "आन् बाकीच्यांचा?" तेव्हापासून मामा दिसले की तो नियंत्रक न विचारता गाडीची वेळ सांगतो.

पण खरं वैर रुमालाशी. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं मामांना अजिबात सोसत नाही. "तिकीट माणूस काढतो, रुमाल न्हाई!" सीटवरचा रुमाल उचलायचा, उंच धरून धनी कोण म्हणून विचारायचं. कुणी पुढे आलंच, तर घडी घालून रुमालासोबत भाषणही द्यायचं. भीतीने कुणी बोललं नाही, तर घरी नेऊन धुवायचा, इस्त्री करायची आणि पिशवीत घालून पुढच्या खेपेला पुन्हा धनी शोधायचा.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी त्यांना साताऱ्याहून सांगलीला आमच्या घरी नेत होतो. गाडीला ही गर्दी. मामा पाटी वाचत होते तेवढ्यात मी धावलो आणि खिडकीतून रुमाल टाकला. त्यांच्यासाठीच. आत चढलो तर गुडघा बघून लोकांनी मामांना आधीच चढवलेलं, रुमाल त्यांच्या हातात.

"कुणाचा हाय रं ह्यो?"

मी तिकिटाचे सुटे पैसे मोजायला लागलो. मामांनी त्या जागेवर एका लेकुरवाळीला बसवलं आणि स्वतः दांडी धरून उभे राहिले. कराडपर्यंत त्यांनी रुमालवाल्याचा उद्धार केला.

"लाज कशी वाटत न्हाई, जावईबापू?"

"असल्यांना खाली उतरवलं पाहिजे, मामा," मी म्हणालो. हो, मीच म्हणालो.

कराडला जागा मिळाली. थरथरता पाय लांब करून ते म्हणाले, "भाचीनं नशीब काढलं. लय सरळ माणूस गावला तिला."

पुढे गुडघा सुजला आणि त्यांचा एसटीचा प्रवास बंद झाला. तो त्या दिवसामुळे की वयामुळे, हे डॉक्टर सांगत नाहीत, मी विचारत नाही. मामा मात्र मजेत आहेत. ओट्यावर बसून माझ्याकडून स्टँडच्या बातम्या ऐकतात. परवा त्यांनी रुमालांची पिशवीच माझ्या मांडीवर ठेवली. "आता तुमी बघा. पर धन्यानं सोता तोंड उघडल्याबिगर द्यायचा न्हाई."

आता मी गाडीत रुमाल उचलतो, लोक हसतात, मलाही गंमत वाटते. पिशवीतला निळ्या काठाचा तेवढा तळाशी असतो, कडक इस्त्रीचा. मामांचं मी एक वाक्य देणं लागतो: "मामा, हा माझा."