दोन्ही हात भिंतीला

माझं अक्षर चांगलं होतं, सगळं तिथूनच सुरू झालं. लोणावळ्याच्या आमच्या तालमीच्या मंडळात सात जण होतो. त्यांतले चार जण पाण्याला भीत, आणि अध्यक्ष तर तलावाच्या पायऱ्यासुद्धा कुणाचा तरी खांदा धरून उतरत. पण पोहण्याच्या शर्यती भरवायच्या त्या आम्हीच. मी रेल्वेच्या कचेरीत कारकून, म्हणून कागदाचं काम आपोआप माझ्याकडे आलं, आणि मला त्याचा गर्व होता.

शर्यती मार्गशीर्षात व्हायच्या, मावळातली भातं झोडून झाली की. आधी पोरांच्या, शेवटी बाप्यांची, म्हणजे पस्तिशीपुढच्यांची. बाप्यांना नियम एकच होता. पायरीवरून निघायचं, पलीकडच्या भिंतीला ज्याचा हात आधी लागेल तो पहिला. कुणी उताणा पोहायचा, कुणी कुशीवर, कुणी नुसताच पाणी बडवत जायचा. पहिल्याला फेटा, आणि जे जे पार होतील त्यांना काठावर एका पंगतीत बसवून जिलबी.

त्या पंगतीत माझा थोरला भाऊ दरवर्षी असायचा. दादा भाजे गावी आमची शेती बघायचा. म्हणजे आधी बघायचा. कार्ल्याच्या उतारावर पेंढ्याची गाडी उलटली आणि त्याचा डावा खांदा चाकाखाली आला. तेव्हापासून तो हात बरगडीच्या वर उचलत नसे. नांगर धरायला गेला की लोक म्हणायचे, राहू दे. पोतं उचलायला गेला की राहू दे. भली माणसं होती, पण दिवसातून दहादा राहू दे ऐकून माणूस खंगतो. पाण्यात मात्र तो कुशीवर वळायचा, डावा हात अंगाशी आणि उजव्यानं पाणी ओढत सरळ भिंत गाठायचा. तिथं त्याला कुणी राहू दे म्हणत नसे. वर्षातला तो एक दिवस त्याचा होता.

एका साली शेवटाला भांडण झालं. दोघांनी आपलाच हात आधी लागला म्हणून काठावर एकमेकांची गचांडी धरली. मंडळानं ठरवलं, पक्के नियम हवेत. माझ्याकडे पुण्याहून आणलेलं पोहण्याच्या नियमांचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात मला वाक्य सापडलं, की दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. मला ते फार शास्त्रशुद्ध वाटलं. एक हात कुणीही पुढे फेकेल, दोन हात लागले की वादच नको. मी ते मराठीत उतरवलं, खाली रेघ मारली, आणि सातही जणांनी माना डोलावल्या.

लिहिताना मला दादाचा खांदा आठवला नाही. लोकांना हे खोटं वाटतं, पण खरं आहे. घरच्या माणसाचं व्यंग रोज बघून बघून दिसेनासं होतं.

शर्यतीच्या सकाळी मी नियम मोठ्यानं वाचले, माझ्या पुस्तकी मराठीत. दादा पोहणाऱ्यांत उभा राहून कौतुकानं ऐकत होता. ऐकत होता ते माझा आवाज, नियम नव्हे. धाकट्यानं लिहिलंय म्हणजे बरंच असणार, एवढंच त्याला कळलं असावं.

त्या साली तो पहिला आला. आयुष्यात पहिल्यांदा. भिंतीवर पंच म्हणून मीच उभा होतो. त्यानं उजवा हात दगडावर ठेवला, तोंडावरचं पाणी फुंकलं आणि वर बघून विचारलं, "लागला न्हवं?"

"दोन्ही लागायला हवेत, दादा."

मग त्यानं भिंत सोडली, उजव्या हातानं डावं मनगट धरलं आणि ते वर ढकलायला लागला. धरायला काही नाही, म्हणून तो बुडाला. वर आला, परत ढकललं, परत बुडाला. तोवर मागचे दोघं येऊन लागले. काठावर कुणीतरी हसलं. तेव्हाच मी कागद फाडायला हवा होता. मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा." आणि त्याच्या नावापुढे सुबक अक्षरात 'बाद' लिहिलं. पंगत बसली तेव्हा तो कपडे घालून निघून गेला होता.

पुढच्या आठवड्यात मी भाज्याला गेलो. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "फुडल्या सालीबी ह्योच नियम का?"

"नियम एकदा केला की केला," मी म्हणालो. काय हा माझा रुबाब.

"मंग हातच वर आला पायजे," तो म्हणाला.

त्यानं नियमाला दोष दिलाच नाही. तो नियम बरोबर आणि आपला हात चूक असं धरून चालला. वहिनी सांगायची, "रोज सकाळी गोठ्यात आढ्याला दोरी टाकून हात वडून घेत्यात." मला वाटलं, चांगलंय, व्यायाम होतो. चैत्रात तो लोहगडवाडीच्या अंगाला एका हाड बसवणाऱ्याकडे गेला. त्यानं दोन गडी लावून खांदा ओढला. हात कोपरापासून सुजला, बोटं बधिर झाली. सूज उतरली, पण पाण्यात उतरलं की खांद्यातून अशी कळ जायची की श्वास अडायचा. पावसाळा सरला तरी तो गुडघ्याच्या वर पाण्यात गेला नाही.

कार्तिकात नवी सूचना लिहायला मी ते पुस्तक परत उघडलं. वाक्याच्या वर एक ओळ होती. हा नियम फक्त छातीवर पोहण्याच्या शर्यतीसाठी. कुशीवरच्याला, मोकळ्या पोहण्याला एक हात पुरे. मी वर्षभरापूर्वी ती ओळ वाचलीच नव्हती. कचेरीत बसल्या जागी मी ती तीनदा वाचली.

संध्याकाळी बैठकीत मी चूक सांगितली. मला वाटलं होतं, वाद होईल, मला बोल लावतील. अध्यक्ष बशीतला चहा फुंकत म्हणाले, "मग खोडा की. कुणाला काय फरक पडतो?" मी दोन्ही हातांचा नियम खोडला. माझा चहा अजून गरम होता.

दुसऱ्या दिवशी मी भाज्याला गेलो. दादा अंगणात वाळत घातलेल्या भातावरच्या चिमण्या हाकलत बसला होता. मी सांगितलं, नियम बदलला, आता एक हात लागला तरी चालतो. त्यानं मला दोनदा म्हणायला लावलं.

"लय भांडाया लागलं आसंल तुला," तो म्हणाला. "वरीसभर."

त्याच्या तोंडावर इतकी माया होती की खरं सांगायचं बळ माझ्यात उरलं नाही.

"हो दादा," मी म्हणालो. "फार."

त्यानं आत वहिनीला हाक मारली. "माज्यापायी भांडून आलाय त्यो. जेवल्याबिगर सोडू नगंस."

मी जेवलो. नव्या तांदळाचा भात होता. दादानं उजव्या हातानं तो मला दोनदा वाढला, आणि मी खाल्ला.